मध्ये माणूस नको

त्याला सगळे मीटर म्हणायचे. खरं नाव ओळखपत्रावर होतं आणि तिथंच पडून राहिलं होतं. लोकांच्या खिशात पेन असतं तसं त्याच्या खिशात एक लहानसं मीटर असायचं. भिंतीतल्या सॉकेटमध्ये ते खोचायचं, त्यात यंत्राचा प्लग खोचायचा, की ते यंत्र त्या क्षणी किती वीज ओढतंय हे आकड्यात दिसायचं. एकदा तो शेजारच्या काकांकडे सहज म्हणून गेला आणि चहा होईपर्यंत त्यांचा फ्रीज मोजून आला. काका म्हणाले, आमच्या संसाराकडे इतक्या बारकाईनं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मीटर हसला नाही. त्यानं त्यांना फ्रीजच्या दाराचं रबर बदलायला सांगितलं.

तो नकाशे तयार करणाऱ्या एका कंपनीत संगणक सांभाळायचा. वरच्या मजल्यावर एक लांबलचक हॉल होता. तिथं ओळीनं माणसं बसायची, बहुतेक बायका. आकाशातून काढलेल्या फोटोंचे तुकडे त्यांच्या पडद्यावर यायचे. त्यातली घरं, रस्ते, विहिरी, कुंपणं माऊसनं गिरवायची. तुकडा गिरवून झाला की एक बटण दाबायचं. मग सगळ्या रेषा जुळल्यात का, एखाद्या घराची रेषा कुठं उघडी तर राहिली नाही ना, हे संगणक बघायचा. हॉलमध्ये याला नुसतं तपासणी म्हणायचे. जुन्या मशिनींवर ही तपासणी रेंगाळायची. पंख्याचा आवाज चढायचा. पडद्यावरची पट्टी सरकते की नाही असं वाटायचं.

खिडकीपासून दुसऱ्या टेबलावर त्याची ताई बसायची.

आई गेली तेव्हा मीटरचे दुधाचे दात पडत होते. ताई त्याच्याहून बरीच मोठी. तिनं त्याला न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं, अभ्यासाला बसवलं, वेळेला बदडलंही. कॉलेज अर्ध्यावर टाकून ती या हॉलमध्ये आली. तिच्या पगारावर तो शिकला, आणि शिकून झाल्यावर तिच्याच शब्दावर त्याच कंपनीत लागला. तिचं लग्न ठरता ठरता राहिलं, आणि मग ठरवायला घरात कुणी मोठं उरलं नाही. दोघं दोन खोल्यांत राहायचे. तो कमावता झाल्यावर एकदा म्हणाला, की आता तू घरी बसलीस तरी चालेल. ताईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. म्हणाली, तुझ्या जिवावर बसून खायची वेळ आली तर मी तुझ्याकडे पाणीसुद्धा मागणार नाही. तो विषय त्यानंतर निघाला नाही.

हॉलमध्ये तिला सगळेच ताई म्हणायचे, साहेबसुद्धा. तिचा तुकडा न बघता पुढं पाठवावा असा. तिच्या शेजारच्या टेबलावर रेडिओ बसायची. तीही खरं नाव हरवलेली. तपासणी सुरू झाली की तिचं बोलणं सुरू व्हायचं, आणि पट्टी संपली की बंद. तिच्या गोष्टीही मापाच्या असायच्या. सुनेची तक्रार एका तपासणीत बसायची, नणंदेला दोन लागायच्या. ताई मांडीवर हात टाकून ऐकायची. मधूनच मनगटं झटकायची, बोटं मागं ओढायची, बाटलीतलं पाणी प्यायची. मग माऊस पुन्हा हातात.

सगळ्यांची एकच तक्रार होती, उकाडा. जुन्या मशिनी टेबलाखाली असायच्या आणि पायांवर गरम वाफ सोडत राहायच्या. उन्हाळ्यात ताईच्या पोटऱ्या लाल व्हायच्या. घरी आल्यावर ती बादलीत पाय सोडून बसायची. मीटर ते बघायचा. त्याच्या डोक्यातून ते जायचं नाही.

म्हणून साहेबांनी त्याला बोलावून विजेचं बिल फार येतंय म्हणून सांगितलं, आणि नव्या मशिनी घेतल्या तर काही फरक पडेल का बघ म्हणाले, तेव्हा मीटरला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं विकणाऱ्यांकडून एक नवं मशीन चाचणीसाठी मागवलं. त्याच्या शेजारी हॉलमधलं एक जुनं ठेवलं. जुन्याची धूळ उडवली, पंखा साफ केला, प्रोसेसर गार ठेवणारा वाळलेला लेप काढून नवा लावला. म्हाताऱ्याला उपाशीपोटी पळवून हरवण्यात काय अर्थ आहे, असं तो म्हणायचा. दोन्हीकडे तेच काम, तीच खोली, तोच पडदा.

या कामात त्याचा एक नियम होता. मध्ये माणूस नको. माणूस आला की मोजणी बिघडते. माणूस थांबतो, खोकतो, दुसरीकडे बघतो. म्हणून त्यानं आधीच गिरवून झालेले तुकडे घेतले आणि ते एकामागून एक मशीनला आपोआप मिळत राहतील अशी सोय केली. समोर खुर्ची होती, पण रिकामी. मशीन एकटंच काम करत होतं आणि मीटर एकटाच बघत होता.

साहेबही एकदा बघायला आले. नव्या मशीननं तपासणी सुरू केली आणि त्याला लावलेल्या मीटरवरचा आकडा जुन्याच्या वर उडाला. साहेबांचा चेहरा पडला. हे तर जास्तच खातंय की, म्हणाले.

मीटर याच वाक्याची वाट बघत होता. त्यानं सांगितलं, या क्षणाला किती ओढतं ते बघू नका, काम संपेपर्यंत एकूण किती ओढलं ते बघा. "जुनं घोट घोट पितं साहेब, पण भांडं तोंडाला लावूनच बसतं. नवं गटकन पितं आणि भांडं खाली ठेवतं." त्याचं बोलून होईपर्यंत नव्याची तपासणी संपली होती आणि आकडा खाली येऊन गप्प बसला होता. जुनं अजून घरघरत होतं. एकूण हिशेबात नव्यानं त्याच कामाला जुन्याच्या निम्मीसुद्धा वीज घेतली नव्हती. शिवाय नुसतं चालू राहण्यासाठी जुनं जेवढं ओढायचं, तेवढ्यात नवी दोन-तीन बसली असती.

मीटरनं सगळं एका कागदावर नीट मांडलं. शेवटी एक रकाना होता. तपासणी चालू असताना माणसाला करण्यासारखं काही नसतं, तो वेळ. त्याला नाव काय द्यावं हे त्याला सुचेना. त्यानं लिहिलं, रिकामा वेळ.

साहेबांचं बोट नेमकं तिथं थांबलं. विजेच्या आकड्यावरून ते केव्हाच पुढं आले होते.

"एवढा वेळ माणसं नुसती बसून असतात?"

"हो ना," मीटर म्हणाला. त्याला उत्साह आवरत नव्हता. "नव्यावर तो उरतच नाही."

नव्या मशिनी आल्या. वहीएवढ्या, पडद्याच्या मागं चिकटवलेल्या. जुनी धुडं हातगाडीवरून खाली गेली, तेव्हा टेबलाखाली इतकी जागा झाली की पाय कुठं ठेवावेत हे बायकांना कळेना. पहिल्या दिवशी हॉलमध्ये इतकं शांत वाटलं की रेडिओ म्हणाली, कुणी गेलंबिलं की काय. ताईनं घरी येऊन बादली घेतली नाही. पाय बघ, गार आहेत, म्हणाली. तिनं सहजच म्हटलं, पण मीटरनं ते मनात जपून ठेवलं. ताईसाठी आपण काहीतरी केलं असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तो आनंद फार टिकला नाही.

तपासणी आता बटणावरून बोट उचलायच्या आत संपायची. पुढचा तुकडा समोर येऊन उभा. रेडिओनं पहिल्या आठवड्यात सुनेची गोष्ट तीनदा सुरू केली आणि तीनदा अर्ध्यावर सोडली. मग तिनं गोष्टी सांगायचं सोडून दिलं. महिन्याभरात साहेबांनी रोजच्या तुकड्यांची अपेक्षा वाढवली. कारण स्वच्छ होतं. रिकामा वेळ उरला नव्हता. मग लक्षात आलं की एवढं काम कमी माणसांत होतंय. मागच्या दोन ओळी उठल्या. त्यात दोन नव्या मुली होत्या, एक पोटुशी होती. निरोप समारंभ वगैरे काही झालं नाही. खुर्च्या भिंतीला लावून एकावर एक रचल्या.

बिलही कमी आलं. साहेबांनी मीटरच्या पाठीवर थाप मारली.

ताईच्या हाताचं मीटरला घरी कळलं. ती डब्याचं झाकण दातानं उघडत होती. त्यानं विचारलं तर म्हणाली, घट्ट बसलंय. मग ती चहाचा कप डाव्या हातानं उचलायला लागली. धुणं पिळताना पाठ करून उभी राहायला लागली. रात्री उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तेल चोळायची. डॉक्टरांनी मनगटाला बांधायला पट्टा दिला आणि सांगितलं, मधूनमधून हाताला विसावा द्या. ताईनं ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं आणि हसली. मधूनमधून म्हणजे कधी, ते नाही सांगितलं त्यांनी, म्हणाली.

तेव्हा कुठं मीटरच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं डोळ्यात तेल घालून सगळं मोजलं होतं. वीज मोजली, वेळ मोजला, उष्णता मोजली. ज्या रकान्याला त्यानं रिकामा म्हटलं होतं, त्यात ताईचा हात होता. मांडीवर पडलेला. खुर्चीत माणूस बसवला असता तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. पण माणूस मध्ये नको, हा नियम त्याचाच.

तो साहेबांकडे गेला. मधेमधे थोडी विश्रांती ठेवली तर, असं काहीसं चाचरत म्हणाला. साहेब म्हणाले, जेवणाची सुट्टी आहे की. आणि मग जरा गमतीनं, "तुझ्याच कागदावर चाललंय रे सगळं."

आता त्यानं जे केलं ते त्याच्यासारख्या माणसालाच सुचावं. प्रोसेसरनं जास्तीत जास्त किती वीज ओढावी याची मर्यादा मशीनच्या आतल्या मांडणीत ठरवता येते. एका संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर त्यानं ताईच्या मशीनची मर्यादा खाली आणली. अगदी खाली. मग बटण दाबून बघितलं. पट्टी जुन्यासारखी रांगायला लागली. तो ताईच्या खुर्चीत बसला आणि पट्टी संपेपर्यंत आपले हात मांडीवर ठेवून बघितले.

दुसऱ्या दिवशी ताईनं तक्रार केली. मशीन अडखळतंय म्हणाली. तो म्हणाला, तुझं वेगळ्या खेपेचं आहे, त्याचा तसाच स्वभाव. ताईनं मान डोलावली. मशिनींच्या बाबतीत ती त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायची. आठ-पंधरा दिवसांत पट्टा सैल झाला. ती पुन्हा रेडिओकडे वळून बोलायला लागली, पण आता रेडिओला ऐकायला फुरसत नव्हती. तुझं बरंय बाई, रेडिओ मान वर न करता म्हणायची.

मीटरला वाटलं, जमलं.

न जमण्याचं कारण साधं होतं. कुणाचे किती तुकडे झाले ते साहेबांना त्यांच्या पडद्यावर दिसायचं. एवढी वर्षं ताई वरच्या दोघा-तिघांत असायची. आता ती तळाला होती. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि मशीनचं काही असेल तर म्हणून मीटरलाही. साहेब वाईट बोलले नाहीत. वाईट बोलायची त्यांची पद्धतच नव्हती. ते म्हणाले, वयाप्रमाणं होतंच, यात कमीपणा नाही, कंपनी तुम्हाला व्यवस्थित मोकळं करेल. ती उभीच होती. समोर खुर्ची असून तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

साहेब मीटरकडे वळले. मशीन ठीक आहे ना, विचारलं.

त्यानं तोंड उघडायच्या आत ताई बोलली.

"मशीनला काय होणार? माझा भाऊ बघतो मशिनी. माझेच हात मंदावलेत साहेब."

त्यानंतर गप्प बसणं त्याला शक्य नव्हतं. त्यानं सांगून टाकलं. मर्यादा कुठं होती, कुठं आणली, किती दिवस झाले, सगळं. सांगताना तो साहेबांकडे बघत होता, कारण ताईकडे बघवत नव्हतं.

साहेब चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसले. भावाची माया, म्हणाले. मग विचारलं, मर्यादा खाली आणल्यावर त्या मशीनची वीज किती वाचली? मीटरनं मोजली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी न मोजता केलं होतं. बरं, म्हणाले साहेब, ते काढून टाक आणि ताई कुठं पोचतात ते बघू.

त्यानं तिच्या डोळ्यांसमोर मर्यादा काढली. ती खुर्चीमागं उभी होती. त्याच्या मानेवर तिचा श्वास लागत होता. तो उठला, ती बसली.

"मला विचारायचं होतंस," ती म्हणाली. एवढंच. आवाज चढवला नाही.

त्या दिवशी तिनं पट्टा काढून पर्समध्ये टाकला. संध्याकाळपर्यंत ती हॉलमध्ये पहिली होती. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः टेबलापाशी आले आणि वा म्हणाले. तिची नोकरी राहिली. मीटरचीही राहिली. फक्त आतल्या मांडणीला साहेबांनी बाहेरचा माणूस बोलावून कुलूप घालून घेतलं, आणि त्याचा पासवर्ड आपल्याकडे ठेवला.

घरी ती त्याच्याशी बोलायची, पण कामापुरतं. दूध आणलंस का. नळ बंद कर. ती पळत होती ते नोकरीसाठी की त्याच्यावरच्या रागानं, हे मीटरला कळत नव्हतं. हात दुखतो का, असं त्यानं एकदा विचारलं. "मोज," ती म्हणाली.

मग पुढच्या महिन्याची अपेक्षा लागली. साहेबांनी ताईचाच आकडा सगळ्यांना लावला. या वयात, दुखऱ्या हातानं ताईंना जमतं, मग तुम्हाला का जमू नये, असं ते हॉलच्या मधोमध उभं राहून म्हणाले. ताई तिथंच बसली होती. कुणी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला सोसलं असतं.

रेडिओचा आकडा कधी पोचला नाही. दोन महिने ती धावली, मग तिची खुर्चीही भिंतीला लागली. निघताना ती ताईच्या टेबलापाशी थांबली. डबा, पाण्याची बाटली, ड्रॉवरमधला कंगवा, सगळं एका पिशवीत होतं.

"कुणी सांगितलं होतं गं तुला एवढं पळायला?" तिनं विचारलं. भांडायच्या सुरात नाही. खरंच कळत नसल्यासारखं.

ताईच्या पडद्यावर पुढचा तुकडा येऊन थांबला होता. तिनं तो गिरवायला घेतला.

त्या संध्याकाळी मीटर घरी आला तर ताई अंधारात बसली होती. त्यानं दिवा लावला. तिचा उजवा हात टेबलावर पालथा पडला होता, कुणी दुसऱ्यानं तिथं ठेवून दिल्यासारखा. अंगठा आत वळला होता आणि सरळ होत नव्हता.

ती म्हणाली, "सगळ्यांच्या मशीनची कमी करता येईल? थोडीच. कळणार नाही एवढी."

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा त्याच्याशी दूध-नळाच्या पलीकडचं काही आपणहून बोलली होती. त्याला नाही म्हणवेना, पण दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं.

"आता नाही येत," तो म्हणाला. "कुलूप आहे."

"तू सांगून टाकलंस म्हणून."

"हो."

तिनं मान हलवली. राग नव्हता. राग केव्हाच वापरून संपला होता. ती उठली, कोपऱ्यातल्या घरच्या संगणकापाशी गेली आणि माऊस उजवीकडून उचलून डावीकडे ठेवला. त्याच्या कामाचा एक जुना तुकडा त्यात होता, तो उघडला. डाव्या हातानं एका घराची रेषा ओढायला घेतली. बाण भिंत सोडून रस्त्यात गेला, रस्ता सोडून विहिरीवर गेला. तिनं खोडलं आणि पुन्हा ओढली.

"या हातानं त्या आकड्याला पोचायला किती दिवस लागतील," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "ते बघ जरा. तुला येतं."

तो तिच्या मागं उभा राहिला. हे सोड म्हणावं, तिचा हात धरावा, असं सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. पण न विचारता तिचं काही ठरवायची हिंमत त्याच्यात उरली नव्हती. आणि विचारून तिनं जे मागितलं ते एवढंच होतं.

त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि कर सुरू म्हणाला.